तुम्हाला विचारलं होतं का?

प्रिय सई,

शाळेसाठी तू '2018 सालचा आयर्लंड' हा निबंध लिहिलास तो वाचला. इंग्रजी तपासायची माझी लायकी नाही, पण छान झालाय. पचलं नाही ते जेवताना विचारलंस ते. "आई, इथे अख्ख्या देशाला विचारून जुने नियम बदलले. पाळी आली की गौरीला शिवायचं नाही, हे तुम्हा बायकांना विचारून ठरवलं होतं का?" गेल्या वर्षी तू मुखवट्याकडे हात नेलास आणि माझ्या तोंडून 'थांब' निघालं, ते तू विसरली नाहीस तर. बाबा हसले. मी ताटं उचलली.

नाही विचारलं, बाई. बेळगावात शहापूरच्या घरात माझी पहिली वेळ आली ती नेमकी गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी. ताईआजीनं माडीवर धाडलं. चटई वेगळी, तांब्या वेगळा. खाली सोळा भाज्या, पुरणाचा वास, पाहुण्यांचा गलका. आई माझं ताट जिन्याच्या चौथ्या पायरीवर ठेवायची, दोन पायऱ्या मागे सरकायची आणि मग हाक मारायची. त्या पायरीचा कोपरा झिजला होता. ताट तिथे ठेवलं की डुगडुगायचं आणि कटाची आमटी भातात जायची. मी रडले.

पण माईआत्याही तेव्हा 'बाजूला' होती. दिवसभर आम्ही गजगे खेळलो. वाचनालयाचं पुस्तक ती त्या चार दिवसांतच वाचू शकायची, कारण तेवढे दिवस तिला कुणी 'चहा टाक' म्हणत नसे. बायकांना विश्रांती मिळावी म्हणून ही पद्धत, असं आमच्याकडच्या सगळ्या सांगतात, मीही तुला तेच सांगणार होते. पण उरलेल्या सव्वीस दिवसांत आत्यानं विश्रांती मागितली असती तर? विचारूनच बघायला हवं होतं कुणीतरी.

तुझ्या निबंधात गुड फ्रायडेला पहिल्यांदा पब उघडले ते आहे, 1927 चा कायदा गेला म्हणून. बाबांच्या ऑफिसात त्याचंच जास्त कौतुक. मला त्या वर्षातला मे महिना आठवतो. सविता हलप्पनवार तू एका ओळीत उरकलीस. ती आमच्या बेळगावची गं. 2012 साली इथल्या गॉलवेत गर्भ वाचणार नाही हे कळूनही तिला गर्भपात नाकारला, रक्तात विष भिनलं आणि एकतिसाव्या वर्षी ती गेली. त्या मे महिन्यात गर्भपातावरची घटनेतली बंदी उठवायची का, यावर सार्वमत झालं, तेव्हा तिच्या वडिलांनी बेळगावहून आवाहन केलं होतं की 'हो' म्हणा. डब्लिनमध्ये पोर्टोबेलोतल्या भिंतीवर तिचं चित्र काढलं होतं, लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवत होते. तुला हाताला धरून मी तिथे गेले होते, तुला आठवत नसेल. मला मत नव्हतं, तेव्हा आपण इथले नागरिक नव्हतो. विमानं भरभरून पोरीबाळी मत द्यायला घरी येत होत्या, ते टीव्हीवर बघत बसले.

66.4 टक्के 'हो' म्हणाले, हे तू ठळक लिहिलंस. उरलेल्यांचं काय? समोरच्या आजी त्यांच्यातल्या. मूळच्या डोनेगलच्या, अख्ख्या देशात तेवढाच मतदारसंघ 'नाही' म्हणाला. ऑगस्टमध्ये पोप आले तेव्हा त्या पावसात घडीचं स्टूल घेऊन फिनिक्स पार्कला गेल्या. 1979 ला त्याच मैदानात दहा लाखांवर माणसं होती, त्या गर्दीत त्या होत्या; या वेळी त्याच्या पावपटही नव्हती. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा ताईआजीसारखा दिसला मला. मला त्यांचं वाईट वाटलं. त्यांच्याशी पटत नसूनही.

आपल्या घरात नियम कसा सुटला ते सांगते. ताईआजी अंथरुणाला खिळलेली, काकू माहेरी अडकलेली, आणि गौरी यायच्या दिवशीच आईची पाळी. गौरी तर उभ्या राहिल्याच पाहिजेत. आईनं डोक्यावरून अंघोळ केली आणि मुखवटे बसवले. आजीला कळलं नसेल असं शक्यच नाही, तिला पलंगावरून सगळं कळायचं. संध्याकाळी नैवेद्याची पोळी खाताना एवढंच म्हणाली, "पुरण सैल झालंय." पुढच्या वर्षी कुणी विषयच काढला नाही.

मग मी तुला का थांबवलं? व्हिडिओ कॉलवर काकू होत्या, हे एक. दुसरं मला नीट सांगता येत नाही. आईनं केलं ते नाइलाजानं केलं होतं, तू नुसताच हात पुढे केलास. तेवढ्यानं माझ्या पोटात का हललं, कुणास ठाऊक.

यंदा मुखवटे तू बसवायचेस की नाही, ते तुझं तू बघ. मी मागे लागणार नाही. मतदान घेऊ म्हणालीस, तर घेऊ. पण मतदारयादी आधी पक्की कर. इथे परदेशात गेलेल्यांना मत द्यायचं तर विमान पकडून यावं लागतं, मग बेळगावात बसलेल्या काकूंना कॉलवरून मत द्यायचं का? आणि बाबांना कुठल्या नात्यानं द्यायचं, सोळातली एक भाजी तरी चिरलीय का त्यांनी आजवर?

तुझी,
आई