वितळणे की विरघळणे?

प्रश्न असा आहे: ‘बर्फ विरघळला’ म्हटलं की मुलगा ‘वितळला म्हण’ अशी दुरुस्ती करतो. त्याचं बरोबर की नुसता शाळकरी काटेकोरपणा?

मुलाचं बरोबर. वितळायला उष्णता पुरते, दुसरा पदार्थ लागत नाही. विरघळायला मात्र सोबती हवा. मीठ दोन्ही करतं: १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ खोलीच्या तापमानालाच विरघळतं, तेच मीठ एकट्याने वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सियस गाठावे लागतात. भाषेलाही हे ठाऊक असावं. विरघळण्यापाशी ‘पाण्यात’, ‘तेलात’ अशी सप्तमी येते, वितळण्यापाशी ‘उन्हाने’, ‘आचेने’ अशी तृतीया. (‘त्या दोन शब्दांनी राग विरघळला’ इथे हा नियम मोडतो, पण राग काही रसायन नाही.)

मग पेल्यातल्या पाण्यात टाकलेला बर्फ? सप्तमी आहे, तरी तो वितळतोच, कारण बर्फ म्हणजेही पाणीच; सोबती वेगळा नाही. बोलण्यात कुणी ‘बर्फ विरघळला’ म्हटलं तर मी हटकणार नाही. ‘मीठ पाण्यात वितळलं’ मात्र कानाला खटकतं.

हा शब्दच्छल नाही. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने पोटॅश (पोटॅशियमचं एक संयुग) पाण्यात विरघळवून त्यातून वीज सोडली, तेव्हा हाती आले फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे पाण्याचेच घटक. १८०७ साली त्याने पाण्याचा नाद सोडला, जेमतेम ओलसर पोटॅश घेतलं आणि ते विजेनेच वितळवलं. तेव्हा पोटॅशियम मिळालं, पाठोपाठ सोडियमही. सोबती दूर झाला म्हणून मूलद्रव्य सापडलं!

गंमत म्हणजे आपल्या पारिभाषिक शब्दांत हा भेद पुसट आहे. वितळण्याचा ‘द्रवणांक’ आणि विरघळून होणारं ‘द्रावण’ दोन्ही ‘द्रु’ म्हणजे धावणे, वाहणे या एकाच धातूचे. ‘विलयबिंदू’ म्हणजे वितळण्याचा बिंदू, पण हिंदीत ‘विलयन’ म्हणजे द्रावण. विद्यार्थी गोंधळले तर दोष त्यांचा नाही. इथे बोलीतली क्रियापदं परिभाषेपेक्षा नेमकी आहेत.

आणि आपल्याकडे तिसरंही एक आहे, फारसं कुणी वापरत नाही: पाघळणे. शुद्ध बर्फ शून्य अंशाला वितळतो, त्याआधी मऊ पडत नाही. मेण मात्र अनेक घटकांचं मिश्रण, त्यामुळे ते एका ठरलेल्या अंशाला एकदम वितळत नाही. आधी नरम होतं, आकार सोडतं, मग ओघळू लागतं. त्या मधल्या अवस्थेला ‘वितळणे’ म्हणणं घाईचं होतं. मेण तिथे पाघळलेलं असतं.