क्लाउडशिवाय दोन लॅपटॉप आणि फोन यांच्यात फाइल सिंक कशा कराव्यात?

तुमच्या दोन अटी आहेत: फाइल मधे कुणाच्या सर्व्हरवर साठायला नकोत आणि सॉफ्टवेअर मुक्त हवं. मग सिंकथिंग घ्या, ते उपकरणांमधले फोल्डर परस्पर सारखे ठेवणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे.

तिन्हीकडे इन्स्टॉल करा. अँड्रॉइडवर सिंकथिंग-फोर्क घ्या, कारण मूळ अ‍ॅपचं काम २०२४च्या अखेरीस थांबलं. फोनच्या सेटिंगमध्ये त्याचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर सिंक अडकतं. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८३८४ उघडा. तिथे त्या उपकरणाचा लांबलचक आयडी मिळेल, सात-सात अक्षरांचे आठ गट. तो फोनवर क्यूआर कोडने स्कॅन करा, लॅपटॉपवर आलेली विनंती मंजूर करा आणि फोल्डर शेअर करा. दोन्हीकडून होकार लागतो, त्यामुळे नुसता आयडी कुणाला कळला म्हणून फाइल जात नाहीत.

इथवर सोपं आहे. लोक फसतात ते डिलीटपाशी. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवरून उडवलेला फोटो लॅपटॉपवरूनही उडतो. म्हणून फोल्डरच्या सेटिंगमध्ये फाइल व्हर्जनिंग चालू करा, आणि तेही प्रत्येक उपकरणावर. व्हर्जनिंग फक्त बाहेरून आलेल्या बदलांची जुनी प्रत ठेवतं. लॅपटॉपवर तुम्ही स्वतः खोडलेली फाइल लॅपटॉपच्या ‘.एसटीव्हर्जन्स’ या जुन्या प्रतींच्या फोल्डरमध्ये नसते, ती फोनच्या त्याच फोल्डरमध्ये शोधावी लागते, तिथे व्हर्जनिंग असेल तरच. वेगळा बॅकअप तरीही हवाच.

दुसरी अडचण: मधे साठवण नसल्यामुळे दोन उपकरणं एकाच वेळी चालू असावी लागतात. एक लॅपटॉप सकाळी आणि दुसरा रात्री उघडत असाल तर दोघांची गाठच पडत नाही. सतत चालू राहणारं आणखी एक उपकरण ठेवा, रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक पुरतो. तो दुसऱ्याच्या घरी ठेवणार असाल तर तिथे फोल्डरचा प्रकार ‘रिसीव्ह एन्क्रिप्टेड’ निवडा. मग तिथे फाइल सांकेतिक रूपातच राहतात आणि त्या उघडणारा पासवर्ड फक्त तुमच्या उपकरणांवर राहतो.

गाठ पडण्याआधी दोन्हीकडे एकच फाइल बदलली, तर सिंकथिंग ती जोडत नाही. जुन्या बदलाच्या प्रतीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख-वेळ घालून तिला बाजूला ठेवतं. कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलचं असं झालं तर ती प्रत घाईने खोडू नका. मूळ नावाची फाइल उघडा, मेनूतून बाजूला ठेवलेली प्रत तिच्यात मर्ज करा, नोंदी तपासा आणि मगच ती प्रत काढा.