खरखर काढायला देऊ नका (मालिकेआधी जुन्या जाझ रेकॉर्डी ऐकणाऱ्यांसाठी)

तुमचा प्रश्न वाचताना 'सीडी लावली की बँड पाण्याखाली बसून वाजवतोय असं वाटतं' या वाक्यावर थबकलो. माझंही अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इतरांसाठी थोडक्यात: ४ फेब्रुवारी २०१३ पासून बीबीसी टूवर स्टीफन पोलियाकॉफ यांची 'डान्सिंग ऑन द एज' ही मालिका सुरू झाली. १९३०च्या दशकातल्या लंडनमधला कृष्णवर्णीय जाझ बँड हा तिचा विषय. प्रश्नकर्त्यांना ती बघण्याआधी त्या काळचं खरं वादन ऐकायचं आहे. आजोबांच्या गिरगावातल्या पेटीतून आलेल्या वीसेक ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या) रेकॉर्डी त्यांच्याकडे आहेत. त्यांत एक अमेरिकन जाझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनची आहे आणि एक लंडनमध्ये बँड चालवणाऱ्या केन जॉन्सनची. एका ठिकाणी त्या 'साफ करून' सीडीवर उतरवून घेतल्या, पण ऐकवत नाहीत.

आधी हे सांगतो की मी व्यावसायिक ध्वनितंत्रज्ञ नाही. रेकॉर्डला तडा असेल तर खालचं काहीही करू नका, आधी जाणकाराला दाखवा.

चूक रेकॉर्डींची नाही. चूक होते ती 'खरखर काढून द्या' या तीन शब्दांत. मी ज्यांच्याकडे काम दिलं होतं त्यांनी खरखर काढली, बिल घेतलं आणि मूळ फाइल पुसून टाकली. मूळ फाइल मागितली तर 'ती घेऊन काय करणार?' हे उत्तर. रेकॉर्ड पुन्हा वाजवायची तर पुन्हा पूर्ण पैसे. माझे सगळ्यात जास्त पैसे वाया गेले ते इथे, आणि आजही अनेक ठिकाणी हेच चालतं. कामाला हात लावायच्या आधी त्यांच्याकडून लिहून घ्या: कच्ची (साफ न केलेली) फाइल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा प्रकार), कोणताही फिल्टर न लावता. दहा इंची रेकॉर्डची एक बाजू तीन मिनिटांची धरली तर अशी स्टिरिओ फाइल साधारण १०४ एमबी होते. वीस रेकॉर्डींच्या चाळीस बाजू चार जीबीच्या आसपास. 'जागा पुरत नाही' ही सबब कुणी सांगितली तर दुसरीकडे जा.

आता असं का होतं ते. खरखर काढणारं सॉफ्टवेअर आधी रेकॉर्डच्या सुरुवातीच्या कोऱ्या खाचेतली खरखर नमुना म्हणून घेतं, आणि मग सतत चालणारा, बारीक, या नमुन्यासारखा जो जो आवाज सापडेल तो कापत जातं. आता जाझ बँडमध्ये सतत चालणारं आणि बारीक काय असतं? ड्रमवर फिरणारे तारांचे ब्रश. त्यांचा आवाज भौतिकदृष्ट्या खरखरच आहे. दुसरं म्हणजे ऱ्हिदम गिटार, दर मात्रेला एक झटका. केन जॉन्सनच्या बँडमध्ये गिटारवर कार्डिफचा जो डेनिझ होता. साफ केलेल्या प्रतीत सगळ्यात आधी अशी गिटार जाते, मग झांजेचं शेपूट, मग दोन वाक्यांच्या मध्ये ऐकू येणारी खोलीची हवा. मागे उरतात ती ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, तीही कडेने गुळगुळीत झालेली. पाण्याखालचा भास यातूनच येतो, कारण सॉफ्टवेअर आवाजाचे खालचे-वरचे वेगवेगळे पट्टे दर क्षणाला उघडतं आणि मिटतं.

कान पाच मिनिटांत खरखरीला सरावतो आणि तिच्यामागचं वादन ऐकू लागतो. एकदा कापलेली गिटार मात्र परत आणता येत नाही. मालिकेतला लुई लेस्टर आणि त्याचा बँड काल्पनिक, संगीतही एड्रियन जॉन्स्टन यांनी नव्याने केलेलं, आजच्या स्टुडिओत स्वच्छ ध्वनिमुद्रित झालेलं. त्याची तुलना जुन्या वादनाशी करायची तर ती कच्च्या आवाजाशीच करायला हवी.

स्वतः उतरवणार असाल तर सुईपासून सुरुवात करा. एलपीची (नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डची) सुई ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ती ७८च्या रुंद खाचेत तळाशी जाऊन कचऱ्यात लोळते, आणि निम्मी खरखर तिथूनच येते. ३ मिलच्या आसपासची, म्हणजे साधारण ७६ मायक्रॉनची सुई घ्या. ती खाचेच्या भिंतींवर टेकते. सुईचं खाचेवरचं वजन ३ ते ५ ग्रॅम. कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) स्टिरिओ असेल तर उतरवताना डावा-उजवा दोन्ही चॅनल ठेवा आणि नंतर एकत्र करा. ७८ची खाच आडवी हलते, उभ्या हालचालीत फक्त घाण असते. दोन चॅनलची बेरीज केली की ती बरीचशी आपोआप वजा होते. ही सगळ्यात निरुपद्रवी सफाई.

वेग. ५० हर्ट्झच्या विजेवर, म्हणजे इंग्लंडमध्येही आणि आपल्याकडेही, ७७ रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायला रेकॉर्डवर ठेवायची रेघांची चकती) स्थिर दिसली की वेग मिनिटाला ७७.९२ फेरे असतो. ही चकती सीएफएलखाली बघू नका, रेघा स्थिर दिसतच नाहीत. जुना पिवळा बल्ब किंवा चोकवाली ट्यूब हवी. तुमच्या टर्नटेबलवर ७८ नसेल तर ४५ वर वाजवून ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग १.७३ पट करता येतो, पण तेव्हा प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) सरळ, म्हणजे फोनोचं वळण (त्याबद्दल पुढे) न देणारा हवा. नाहीतर ते वळण चुकीच्या जागी बसतं आणि वेग वाढवल्यावर आवाज बिघडतो. सूर तपासायला पियानोचा तुकडा घ्या. सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल तर वेग चुकलाय. दर पाऊण सेकंदाला हेलकावत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही, त्याला वेग बदलणं हा उपाय नव्हे.

आता ते वळण, म्हणजे वाजवताना खालचे आणि वरचे सूर ठरलेल्या प्रमाणात कमी-जास्त करणं. एलपीसाठी ठरलेलं, आरआयएए नावाचं वळण १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल कापतं. १९३०च्या दशकातल्या इंग्लिश रेकॉर्डींत वरचा भाग तसा चढवलेलाच नसायचा. त्यामुळे साध्या फोनो जॅकमधून वाजवलं की झांजा बोथट होतात, आणि लोक म्हणतात 'जुनं रेकॉर्डिंग असंच असतं'. तसं नसतं. खालचा सांधा (ज्याच्या खालचे सूर चढवायचे ती जागा) २५० ते ३०० हर्ट्झवर धरा, वरचा भाग सरळ ठेवा आणि मग कानाने थोडं कमी-जास्त करा. टकटक काढायचीच असेल तर ती सगळ्यात आधी, हलक्या हाताने, बाकी कुठलाही फिल्टर लावण्यापूर्वी काढा. फिल्टरमधून गेलेली टकटक पसरते, मग ती ओळखूच येत नाही.

धुण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो: स्पिरिट, आयसोप्रोपिल, कोलन वॉटर, काहीही नको. या रेकॉर्डी लाखेच्या आहेत. सुतार पॉलिशसाठी चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटात भिजत घालतो आणि सकाळपर्यंत तो विरघळलेला असतो. तुमच्या एलिंग्टनचंही तेच होईल. एलपी धुण्याच्या तयार बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचा, बऱ्याच बाटल्यांत अल्कोहोल असतं. डिस्टिल्ड पाणी, लिटरमागे सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, उभी ठेवून सावलीत वाळवायची. जुन्या इंग्लिश कोलंबियाच्या रेकॉर्डींत मध्ये कागदाचा थर असतो. कडेला चीर असेल तर पाणी आत शिरून ती फुगते, तिला फक्त कोरडा ब्रश.

ऐकायचा क्रम विचारलात. माझं मत, ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या: आधी एलिंग्टन. जून १९३३ मध्ये तो लंडनच्या पॅलेडियममध्ये वाजवायला आला, आणि जुलैमध्ये चेल्सीतल्या चेनिल स्टुडिओत त्याने डेक्कासाठी काही बाजू केल्या. लेबलावर डेक्का असेल तर बहुधा त्यांतलीच तुमच्याकडे असेल, नीट बघा. मालिकेतल्या वर्षांना सगळ्यात जवळ ती आहे. केन जॉन्सन नंतरचा. ब्रिटिश गियानात १९१४ साली जन्मलेला नर्तक, १९३६ मध्ये जमैकन ट्रम्पेटवादक लेस्ली थॉम्प्सनबरोबर लंडनमध्ये कृष्णवर्णीय वादकांचा बँड उभा केला, पुढे तो वेस्ट इंडियन डान्स ऑर्केस्ट्रा झाला. ८ मार्च १९४१ च्या रात्री कॅफे द पारीवर बॉम्ब पडला तेव्हा तो तिथेच गेला. वय २६. त्याच्या रेकॉर्डी मोजक्याच आहेत, म्हणून तुमच्या पेटीतली ती एक फार जपा.

एक जोड. १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड वाजवत होता, त्यामुळे गिरगावच्या पेटीत अशा रेकॉर्डी निघाल्या तर मला नवल वाटत नाही. या परंपरेत तयार झालेला गोव्याचा चिक चॉकलेट पुढे संगीतकार सी. रामचंद्र ऊर्फ अण्णांच्या गाण्यांत ट्रम्पेट वाजवायला आला. एलिंग्टनची बाजू ऐकून झाल्यावर अण्णांची पाश्चात्त्य ढंगाची गाणी लावा आणि फक्त ट्रम्पेटकडे लक्ष द्या.

आणि केन जॉन्सनची रेकॉर्ड सगळ्यात शेवटी वाजवा. आधी पेटीतली सर्वात साधी, घासलेली एखादी रेकॉर्ड घेऊन सुई, वजन आणि वेग तीन-चार वेळा बसवून बघा. शेवटच्या खाचेपर्यंत सुई उडी न मारता गेली, तरच केन जॉन्सनची बाहेर काढा.