पाटीवरचा शब्द, वर्गातली शिवी

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. सातवीच्या वर्गात मुलं एकमेकांना सर्रास ‘मंद’, ‘मतिमंद’ म्हणतात. एकाला दटावलं तर त्यानं विचारलं, “बाई, त्या शाळेच्या पाटीवर ‘मतिमंद मुलांची शाळा’ असंच लिहिलंय. मग ती शिवी कशी?” त्याला काय सांगावं, आणि आता बरोबर शब्द कोणता, असं बाई विचारतात.

बाई, मुलाचा प्रश्न खरा आहे, तो उडवून लावू नका. पाटीवर तो शब्द कुणाला हिणवायला लिहिलेला नाही. मतिमंद म्हणजे मतीने मंद. कर्णबधिर, अस्थिव्यंग या शब्दांच्याच पठडीतला. (‘मती’ एकटी असली की दीर्घ, समासात आली की ऱ्हस्व, म्हणून ‘मतीमंद’ लिहू नये.) कितीतरी आयांनी हा शब्द ढालीसारखा वापरलेला मी ऐकलाय. “वेडा नाही हो तो, मतिमंद आहे.” आणि त्यांचं बरोबरच होतं. मनाचा आजार वेगळा, बुद्धीची वाढ कमी असणं वेगळं. १९१२ च्या ‘ल्युनसी’ म्हणजे वेडेपणाविषयीच्या कायद्यानं दोन्ही एकाच पोत्यात भरलं होतं. ‘ल्युनॅटिक’ची व्याख्याच ‘ईडियट’पासून सुरू होत होती. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ते वेगळं केलं.

ईडियट, इम्बेसाइल, मोरॉन हे तिन्ही एके काळी डॉक्टरांच्या कागदावरचे शब्द होते. ‘मोरॉन’ तर गोडार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९१० मध्ये मुद्दाम घडवला. आज तिन्ही शिव्याच आहेत. ‘मतिमंद’ त्याच वाटेनं गेला, आणि आपल्याकडे त्याचा तुकडाही पडला. “मंद आहेस का?” यातला ‘मंद’ हा मंद वारा, मंद प्रकाश यांतला राहिलेला नाही. त्याच्या मागे न उच्चारलेली ‘मति’ उभी असते.

माझा मामेभाऊ त्रेचाळीस वर्षांचा आहे. पाटीवर ज्यांना ‘मतिमंद’ म्हणतात, अशा मोठ्या माणसांच्या एका कार्यशाळेत काम करतो. दिवाळीआधी पणत्या खोक्यात भरायचं काम त्याच्याकडे असतं. प्रत्येक पणती कानाशी धरून नखानं टिचकी मारतो. चिरलेली बद्द वाजते, ती बाजूला. मग सहा-सहाच्या दोन ओळी. गेल्या वर्षी विक्रीच्या टेबलावर मी त्याच्या शेजारी बसलो होतो. दोन कॉलेजची मुलं आली. पैसे मोजताना एकाची गडबड झाली, तर दुसरा हसत म्हणाला, “मंद आहेस का रे, एवढं मोजता येत नाही?” ते दोघांतलं बोलणं होतं. पण माझ्या भावानं हातातलं बांधलेलं खोकं सोडलं आणि पणत्या परत मोजायला घेतल्या. “मी चुकलो नाही,” एवढंच म्हणाला, खाली बघून. त्याला वाटलं, आपल्यालाच बोलले.

मी त्या मुलाला म्हणालो, “हा शब्द नको रे. त्याला लागतो.” आवाज चढवला नाही. मुलाचा चेहरा उतरला.

तुमच्या विद्यार्थ्याला हेच सांगा. पाटी सांगते, इथे कोणाला शिकवतात. तू सांगतोस, अशा माणसासारखं असणं म्हणजे लाज. शब्द तोच असला तरी तू त्याच्याकडून करून घेतोस ते काम वेगळं आहे. चार लोकांत दिव्यांग माणसाचा हेतुपुरस्सर अपमान करणं २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानं गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद. पण सातवीच्या वर्गात त्याचा धाक घालण्यापेक्षा मी दुसरं करीन. मित्राचं नेमकं काय चुकलं ते विचारीन. डबा विसरला? मग तो विसराळू. पाणी सांडलं? धांदरट. वस्तू समोर असून दिसली नाही? वेंधळा. न ऐकताच उत्तर दिलं? उतावळा. मराठीत प्रत्येक खोडीला तिचा शब्द आहे, आणि त्यातला एकही कुणाच्या जन्मजात स्थितीवर बोट ठेवत नाही. फळ्यावर अशी यादी मुलांकडूनच करून घ्या. ती फार रंगते.

आता बरोबर शब्द. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यातला ‘मेंटल रिटार्डेशन’ हा जुना शब्द २०१६ च्या त्याच अधिनियमानं बाजूला ठेवला. आता मराठीत ‘बौद्धिक अक्षमता’ किंवा ‘बौद्धिक दिव्यांगता’ म्हणतात. मी पहिला वापरतो. ‘गतिमंद’ मऊ वाटतो, पण कोणी तो सावकाश शिकणाऱ्यांसाठी वापरतं, कोणी ‘मतिमंद’च्या जागी, त्यामुळे घोळ होतो. आणि ‘स्पेशल’? “स्पेशल आहेस का?” हेही मुलं आता चिडवायला म्हणू लागलीत. म्हणून नुसता शब्द बदलून काम भागत नाही, वाक्य बदलावं लागतं. मधुमेह असलेल्या माणसाबद्दल आपण ‘त्यांना मधुमेह आहे’ म्हणतो. तसंच ‘त्यांना बौद्धिक अक्षमता आहे’. ‘ला’ किंवा ‘ना’ प्रत्यय लागला की माणूस आणि त्याची अडचण वेगळी राहते.

‘त्यांना’ मी मुद्दाम लिहिलं. चाळिशीच्या माणसालाही ‘विशेष मूल’ म्हणायची, ‘बाळा’ करून बोलायची आपल्याला सवय आहे. कार्यशाळेत येणारे पाहुणे प्रेमानंच तसं करतात, पण माझ्या भावाच्या दाढीत पांढरे केस आहेत.

त्या दिवशी त्यानं मोजणं पुरं केलं, खोकं पुन्हा बांधलं. मगाचा तो मुलगा जरा थांबला आणि माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, “काका, किती झाले?”

“साठ,” तो म्हणाला. “सुटे द्या.”