सातवीत दहावीचं गणित: घाई कुणाला झालीय?

पत्र थोडक्यात: खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र. किराणा दुकान आहे. मुलगा सरकारी मराठी शाळेत सातवीला, गणितात कायम पहिला. शाळा सुटली की बसनं बेळगावला, टिळकवाडीतल्या ट्यूशनला. घरी यायला रात्रीचे नऊ. आठवी-नववीचं गणित ‘संपलं’, दहावीचं चालू आहे. आता फाउंडेशन बॅच सुचवलीय, त्यात आठवीतच पीयूसीचं, म्हणजे अकरावी-बारावीचं, गणित सुरू होणार. पैसे भरावेत का? सोबत मुलाच्या वहीची झेरॉक्स. आणि तळाशी आईच्या अक्षरात एक ओळ: ‘हल्ली गणित रडत करतो.’

नमस्कार,

पैसे भरू नका. आता कारण सांगतो.

तुमच्या दोन पानी पत्रात मुलाचे मार्क आहेत, रँक आहे, सरांचं मत आहे. त्याला काय वाटतं, हे मात्र आईच्या त्या एका ओळीतच आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. रविवारचं क्रिकेट बंद केलंत, हे तर अभिमानानं कळवलंय. ‘माझं इंजिनिअरिंग गणितामुळं राहिलं, त्याचं राहू नये,’ असंही लिहिता. तुमची हळहळ खरी आहे. पण तुमची जुनी उधारी पोराच्या वहीत मांडू नका. गणित आवडणारा मुलगा बारा-तेराव्या वर्षी गणिताला बसून रडतो, याची काळजी मला त्याच्या मार्कांपेक्षा जास्त वाटते.

आता झेरॉक्सबद्दल. तिसऱ्या पानावर x² − 3x − 4 = 0 हे वर्गसमीकरण आहे. सूत्र बिनचूक लिहिलंय, किमतीही बरोबर घातल्यात. वर्गमुळाच्या आत 9 + 16 आलं, इथपर्यंत छान. पुढं त्यानं 9 चं मूळ 3, 16 चं 4, दोन्ही मिळून 7 असं धरलं आणि उत्तरं काढली 5 आणि −2. खरं तर 25 चं मूळ 5, म्हणून उत्तरं 4 आणि −1. चूक कुणाचीही होते. पण 5 परत समीकरणात घालून बघायला अर्धा मिनिट लागतं: 25 − 15 − 4 म्हणजे 6, शून्य नव्हे. ते त्याला कुणी करायला लावलेलं नाही. धडा ‘संपवायचा’ असला की पडताळा पहिल्यांदा गळतो. याला दहावीचं गणित येणं म्हणत नाहीत.

दुसरा गैरसमज जरा विस्तारानं सांगतो, कारण तो फक्त तुमचा नाही. ‘ऑलिम्पियाडला बसवायचं तर वरच्या वर्गांचं गणित आधी व्हायला हवं,’ असं तुम्ही लिहिलंय. शाळेत पुस्तिका विकून मेडल वाटणाऱ्या परीक्षा सोडून द्या. खरी वाट आयओक्यूएम या ऑलिम्पियाडच्या पहिल्या पात्रता परीक्षेपासून सुरू होते. ती आठवी ते बारावीच्या मुलांसाठी असते, तीन तासांत 30 प्रश्न. त्यापुढं विभागीय फेरी (आरएमओ), मग राष्ट्रीय (आयएनएमओ). विषय म्हणाल तर पूर्णांकांचं गणित (नंबर थिअरी), बीजगणित, भूमिती आणि मोजणीच्या युक्त्या. कॅल्क्युलस लागतच नाही! पीयूसीचं पुस्तक दोन वर्षं आधी उरकून इथं फारसं काही हाती लागत नाही. एकाच गणिताशी तासभर झटता येतं का, हे तिथं बघतात. तुमच्या मुलाला सध्या तासाला वीस गणितं उरकायची सवय लागतेय.

त्याला खरंच वेगळं काही द्यायचं असेल, तर देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा एक खेळ द्या. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. 3524 घेतलं तर 3087, मग 8352, मग 6174. त्यापुढं 6174 च येत राहतं. शेवट सांगू नका, त्याला सापडू दे. आणि प्रत्येक वजाबाकी 9 नं का भागली जाते, हे तो विचारायला लागला, की आठवीचं बीजगणित त्याला स्वतःला हवंसं वाटेल.

जेईई, सीईटी या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षांचं वेळापत्रक पीयूसीच्या वर्षांनी ठरतं. सातवीत धावून ती परीक्षा लवकर येत नाही. आधीपासून तयारी करायचीच असेल तर इंग्रजीची करा. मराठी माध्यमातली हुशार मुलं पीयूसी सायन्सला गेली की पहिले काही महिने गणितानं नाही, इंग्रजीतल्या प्रश्नानं अडतात. दहावीपर्यंत रोज गणिताचं एक पान इंग्रजीतून वाचलं तरी पुष्कळ. ते घरी होतं, बस लागत नाही.

बेळगावची ट्यूशन या महिन्यात थांबवा. सरांना वाईट वाटेल, वाटू दे. क्रिकेट परत सुरू करा.

एक कामाचं. पुढच्या वर्षी हायस्कूल बदलेल, तेव्हा सरकारी किंवा अनुदानित शाळाच बघा. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते; कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर त्याला बसता येईल. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलंत तर हे दार बंद. अर्ज शाळेमार्फत होतो, मुख्याध्यापकांना जूनमध्येच विचारून ठेवा, आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून वेळेत काढा.