इन्व्हर्टरच्या वाढीव वॉरंटीसाठी 16,000 भरावेत का?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंनी विचारलंय: घरावर 3 किलोवॉटचं सोलर बसवतोय, 78,000 रुपये सबसिडी मिळेल. इन्व्हर्टरला कंपनीची 5 वर्षांची वॉरंटी आहेच. विक्रेता म्हणतो, आत्ताच 16,000 भरा, पुढची 5 वर्षंही सुटलात. नवा इन्व्हर्टर आज 32,000 ला पडतो. काय करू?

ताई, भरू नका. पण इन्व्हर्टर बिघडेल ही विक्रेत्याने घातलेली भीती अगदीच खोटी नाही.

पॅनलची चिंता सोडा. काचेखालच्या सिलिकॉनमध्ये हलणारं, सुकणारं काही नसतं. वीज वर्षाला साधारण अर्धा टक्का घटते, म्हणून 25 वर्षांची हमी मिळते. आधी दगा देतो तो इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारा डबा. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला (वीज क्षणभर साठवणारा छोटा भाग) द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो. ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य दुप्पट. 105 अंशांवर 2,000 तासांचा कपॅसिटर 65 अंशांवर 32,000 तास टिकतो. इन्व्हर्टर दिवसाला 11 तास चालतो असं धरलं तर ही झाली 8 वर्षं. 75 अंशांवर तोच 4 वर्षांत संपतो. (चांगल्या कंपन्या याहून दमदार कपॅसिटर घालतात, पण 10 अंशांचा हिशेब त्यांनाही चुकत नाही.)

आता नागपूरचा मे महिना आठवा. सावलीतच पारा 45 च्या आसपास, आणि इन्व्हर्टर टांगणार गच्चीतल्या पश्चिमेच्या भिंतीवर! तो उत्तरेच्या भिंतीवर किंवा जिन्याखाली, हवा खेळती राहील असा लावायला सांगा. वायर थोडी जास्त लागेल, तेवढा खर्च बिनधास्त करा. सोबत अर्थिंग नीट करून घ्या आणि व्होल्टेजची अचानक उसळी अडवणारं एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) एसी-डीसी दोन्ही बाजूंना लावा. कारण वीज पडून किंवा व्होल्टेज चढून जळालेला इन्व्हर्टर बहुतेक वॉरंट्यांत बसतच नाही.

पैशांचं म्हणाल तर 16,000 ची एफडी 7 टक्क्यांनी 5 वर्षांत सुमारे 22,400 होते, आठव्या वर्षाअखेर साधारण 27,500. व्याजावरचा कर यात धरलेला नाही. म्हणजे तेव्हा इन्व्हर्टर गेलाच, तरी पदरचे चार-पाच हजारच घालावे लागतील. नाही गेला तर सगळी रक्कम तुमचीच. शिवाय कारखान्यातले दोष बहुधा सुरुवातीच्या महिन्यांतच उघडे पडतात, ते पहिल्या वॉरंटीत निघून जातात. आणि सहाव्या वर्षी हा विक्रेता दुकान उघडून बसलेला असेल का, हे कोणी सांगावं?

एका अटीवर मत बदलेन. वाढीव वॉरंटी खुद्द कंपनीची, सीरियल नंबरासकट लेखी, आणि 8,000 च्या आत मिळत असेल तर घ्या. विक्रेत्याला आधी एवढंच विचारा की पावती कोणाच्या नावाने फाडणार.