महिला सदस्य मासिक सभेत बोलत नाहीत, प्रशिक्षण कुठून सुरू करावं?

तुम्ही लिहिलंय की ग्रामपंचायतीतल्या चारही महिला सदस्यांचं तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तरी मासिक सभेत त्या गप्पच बसतात. यात त्यांची चूक नाही. 73वी घटनादुरुस्ती (पंचायतींना घटनेत स्थान देणारी) आणि महिलांचं 50 टक्के आरक्षण ऐकून कुणाला सभेत तोंड उघडता येत नाही. समोरचा कागद वाचता आला की येतं.

सुरुवात प्रोसिडिंग बुकापासून, म्हणजे सभेचे ठराव लिहायच्या वहीपासून करा. बऱ्याच गावांत वही घरी येते, नवरा बोट ठेवतो आणि बाई सही करते. म्हणून पहिल्या बैठकीत एवढंच शिकवा: सही सभेतच करायची, ठराव वाचून घेऊन. सूचक कोण, अनुमोदक कोण हे बघायचं. ठरावाखाली जागा कोरी असेल तर आधी तिथे आडवी रेघ मारायला लावायची. 'या विषयाला माझा विरोध आहे, नोंद घ्या' हे वाक्य प्रत्येकीकडून मोठ्याने तीन-चारदा म्हणवून घ्या. साधं वाटतं, पण पहिल्यांदा आवाज फुटतो तो इथे.

दुसऱ्या बैठकीत पैसा. ग्रामसेवकांकडून (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) तुमच्याच ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाची आणि रोकडवहीची झेरॉक्स घ्या, दुसऱ्या गावाची नको. बचत गटाची वही सांभाळणाऱ्या बाईला जमा-खर्च नवा नसतो, फक्त रकान्यांची नावं नवी असतात. स्वउत्पन्नाचे (घरपट्टी, पाणीपट्टी असं ग्रामपंचायत स्वतः मिळवते ते) 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. समजा उत्पन्न 4 लाख, म्हणजे 40 हजार. ते कशावर गेले हे त्यांनाच वहीत शोधू द्या, उत्तर सांगू नका.

मग महिला सभा. ग्रामसभेआधी ती घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण पुष्कळदा ती फक्त कागदावर होते. इथे दोनच विषय घ्या, दहा नकोत. 'पाण्याचा प्रश्न सोडवावा' असा ठराव वहीतच राहतो. 'वॉर्ड 2 मधल्या अंगणवाडीला नळजोडणी द्यावी व 500 लिटरची टाकी बसवावी, खर्च बंधित निधीतून करावा' असं ठिकाण, माप आणि पैशाचा मार्ग (बंधित निधी म्हणजे ठरावीक कामांसाठीच येणारा पैसा) लिहिला की विषय गावाच्या विकास आराखड्यात घ्यायला लावता येतो. सूचक एक बाई, अनुमोदक दुसरी, हे आदल्या दिवशीच ठरवा. विषय लेखी आणि आधी द्या. आयत्या वेळचे विषय वेळ संपली म्हणून सहज टळतात.

सरपंच महिला असेल तर डिजिटल सहीचं टोकन तिच्याच ताब्यात हवं आणि पासवर्ड तिलाच माहीत असावा. पेन ड्राइव्हसारखी ती वस्तू ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडून असते, आणि त्यावर गेलेल्या प्रत्येक पैशाला जबाबदार मात्र सरपंचबाई. पेमेंट करताना बिल, मोजमाप आणि ठराव क्रमांक समोर ठेवूनच टोकन लावायचं, हे संगणकाशी बसवूनच शिकवावं लागतं.

बैठक गावातच, दुपारी दोन तासांची, 15 ते 20 जणींची ठेवा. सदस्यांबरोबर ग्रामसंघातल्या (गावातल्या बचत गटांच्या संघातल्या) बायकाही बोलवा, कारण सभेत मागून 'ताई, विचारा' म्हणणारं कुणीतरी लागतं. पेरणी आणि कापूस वेचणीचे दिवस टाळा, लेकरं सांभाळायला एकीला बसवा. नवऱ्यांना, दिरांना खोलीत घेऊ नका. ते बसले की बायका त्यांच्याकडे बघून उत्तरं देतात. आणि मासिक सभेच्या दोन दिवस आधी अर्धा तास पुन्हा बसा, हातात आलेली विषयपत्रिका घेऊन. निदान सहा सभा तरी हे चालू ठेवा.